निमंत्रक

“स्वातंत्र्य म्हणजे काय, हे ज्याला बघायचं असेल त्याने या दुकानात यावं. इथे आपण कुणाचेही गुलाम नाही,” असं जाहीर करून कुमारने ऐटीत एंटर दाबलं.

पडद्यावर एक छोटी चौकट उघडली. ड्रायव्हर लोड झालेला नाही, सबब आपली विनंती मान्य करता येत नाही, असं तिने इंग्रजीतून कळवलं. कुमारने पुन्हा एंटर दाबलं. चौकटीने पुन्हा तेच उत्तर दिलं. सरकारी कचेरीपेक्षा फरक इतकाच, की लगेच दिलं.

“म्हंजे काय झाला?” काउंटरपलीकडच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून हौसाबाई घरतांनी विचारलं.

“काही नाही. जरा हट्ट करतंय.”

“सकालपासून?”

कुमारने चष्मा काढून पुसला. त्याची बायको सुमती शेजारच्या स्टुलावर बसून कोऱ्या कागदांच्या कडा जुळवत होती. त्या आधीच जुळलेल्या होत्या.

कुमार मूळचा शिरढोणचा. आद्य क्रांतिकारकाच्या गावात जन्मल्यामुळे क्रांतीचा थोडा वाटा आपल्याकडेही आला असावा, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. इंग्रज आधीच निघून गेलेले असल्याने त्याने विंडोजवर भागवलं. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर टपाल नाक्यामागच्या या छपाईच्या दुकानातून त्याने विंडोज हद्दपार केलं आणि लिनक्स आणलं. अडचण एकच होती. सुमती ज्यावर लग्नपत्रिका जुळवायची, ते मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर फार जुनं होतं आणि विंडोजखेरीज कशावरही चालायला तयार नव्हतं. मग कुमारने तोड काढली. लिनक्सच्या पोटात त्याने एक खोटा कॉम्प्युटर उभा केला, ज्याला जाणकार लोक व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आणि त्यात विंडोज नेऊन बसवलं. स्वतंत्र देशात परकीयांची एक वकिलात असावी, तसं. दुकानाचं सगळं उत्पन्न त्या वकिलातीतूनच येत होतं, पण घरात तो विषय निघत नसे.

आज वकिलातीचं दार उघडत नव्हतं, आणि आत घरतांची पत्रिका होती.

हौसाबाईंच्या मुलीचं, प्राचीचं लग्न. त्यांचं गाव उलव्याच्या बाजूला. पुढे विमानतळ, मागे टॉवर आणि मधे अजून गाव शिल्लक आहे, असं निदान गावाचं म्हणणं. हौसाबाईंचे यजमान महादेव प्राची शाळेत असतानाच गेले. बाप नसलेल्या मुलीच्या पत्रिकेवर निमंत्रक म्हणून चुलत्याचं नाव घालायचं, ही त्यांच्या भावकीची रीत. आईचं नाव असतं, पण खाली कंसात, मुलीची ओळख पटावी इतपत. हौसाबाई भावकीच्या बैठकीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, पोर मी वाढवली, बोलवनार पन मीच. बैठक जेवणानंतर सुरू झाली ती दिवे लागले तरी उठेना. शेवटी थोरले दीर दाजी, ज्यांचं नाव रीतीप्रमाणे तिथे यायचं, ते “छापा” एवढं एकच बोलले आणि चपला पायात सरकवून चालते झाले. चहालाही थांबले नाहीत.

भावकीचा आणखी एक नियम होता. सगळ्यांपुढे वाचून झालेल्या मजकुराला कुणी हात लावायचा नाही. मात्र मजकूर नव्याने जुळवला, तर तो नव्याने वाचायचा. आणि नव्याने वाचायचा म्हणजे हरकत घ्यायला ज्याचं त्याचं तोंड पुन्हा मोकळं. पहिली पत्रिका आजच एकवीरेच्या देव्हाऱ्यापुढे ठेवायची होती, कारण उद्या अमावास्या. मजकूर ठरलेला होता, वाचलेला होता, मंजूर होता. फक्त हाती लागत नव्हता.

“प्रूफ आहे आपल्याकडे,” सुमती हळूच नवऱ्याला म्हणाली. “त्यावरून परत टाइप केलं तर?”

हौसाबाईंचे कान तिखट होते.

“नको ताई. परत लिवला का परत वाचाय लागल. त्यांचे तोंडातून हो एकदाच निंगाला. दुसरे येलेला निंगंल का, कोन सांगल?”

सुमतीने कागदांचा गठ्ठा पुन्हा मोडला आणि पुन्हा जुळवायला घेतला.

कुमारने ड्रायव्हर, म्हणजे वकिलातीचं दार उघडणारा छोटा प्रोग्राम, काढून टाकला आणि नव्याने बसवला. पडद्यावरून ओळीच ओळी वर सरकत गेल्या आणि शेवटी तीच चौकट आली. मग तो इंटरनेटवर गेला. तिथे नेमकी हीच तक्रार केलेला एक गृहस्थ भेटला. कुमारने आशेने पान खाली सरकवलं. त्या गृहस्थाने दुसऱ्याच दिवशी ‘प्रश्न सुटला, आभारी आहे’ असं लिहून कायमचा निरोप घेतलेला होता.

आणखी तीन पानं वाचल्यावर मात्र कुमार खुर्चीत सरळ बसला.

“मदरबोर्ड,” तो म्हणाला. “परवा त्या दुरुस्तीवाल्या निकेशने नवा बोर्ड घातला ना, त्यात सिक्युअर बूट चालू आहे.”

“ते काय असतंय?” हौसाबाईंनी विचारलं.

“पहारेकरी समजा. मशीन सुरू होताना दारात बसतो. ज्याच्यावर ओळखीची सही असेल, त्यालाच आत सोडतो. हा आपला ड्रायव्हर आपण इथेच, घरी बनवलाय. त्याच्यावर कुणाचीच सही नाही.”

“मंग तुमी करा.”

“माझी सही त्याला ओळखीची नाही.”

“मशीन तुमचाच ना?”

कुमारने घाईने निकेशला फोन लावला. पहारेकऱ्याला सुट्टी देणं सोपं होतं. बोर्डाच्या सेटिंगमध्ये जायचं आणि ते कलम बंद करायचं. पण सेटिंगवर पासवर्ड होता, आणि तो निकेशने घातलेला होता. फोन उचलला गेला तेव्हा पलीकडे बेंजोचा दणका चालू होता.

“काय? मोठ्याने बोला! मी रोडपालीला आलोय, साखरपुड्यात!”

“पासवर्ड! बोर्डाचा पासवर्ड काय ठेवलायस?”

“कशाला?”

“अरे, घरतांची पत्रिका अडकलीय आत!”

“काय? घरतांची पत्रिका गेली?” निकेश सगळ्या रोडपालीला ऐकू जाईल असा ओरडला. त्याच क्षणी बेंजो थांबला. “पासवर्ड आता आठवत नाही, संध्याकाळी बघून सांगतो,” एवढं तो बोलला आणि फोन कटला. नंतर लागलाच नाही.

हौसाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या.

“रोडपालीला? भोईरांचे साखरपुड्याला?”

“असेल. का?”

“भावजी तिकडंच गेलंत.”

सुमतीच्या हातातले कागद थांबले. रोडपालीहून टपाल नाक्यावर यायला रिक्षाला फारसा वेळ लागत नाही. हौसाबाई पुन्हा बसल्या आणि त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. तिच्यात पत्रिकेला लावायचं हळदकुंकू होतं. पिशवीचे बंद त्यांनी मुठीभोवती एक वेढा देऊन आवळले.

“कुमारशेठ,” त्या दाराकडे बघत म्हणाल्या, “काय करताव ते लवकर करा.”

कुमारचा दुसरा उपाय थोडा लांबचा होता. आपली स्वतःची चावी तयार करायची, त्या चावीने ड्रायव्हरवर सही ठोकायची आणि मशीनला सांगायचं, की बाबा, ही आमची सही, यापुढे हिला ओळख. मशीन तेवढ्यावर ऐकत नाही. ते एक तात्पुरता पासवर्ड ठरवून घेतं, मग बंद होऊन सुरू होतं आणि एक निळा पडदा दाखवतं. त्या पडद्यावर दहा सेकंदांत कुणीतरी एखादं बटण दाबायचं. दाबलं नाही, तर मशीन समजतं की घरात कुणी नाही, आणि अर्ज निकालात काढतं.

कुमारने चावी केली, सही ठोकली, पासवर्ड ठरवला आणि मशीन बंद करून सुरू केलं. तिघंही पडद्याकडे बघत राहिली. पडदा काळा झाला. मग निळा झाला. कोपऱ्यात आकडे उलटे मोजायला लागले.

दारात रिक्षा थांबली आणि दाजी आत आले.

पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, कपाळावर साखरपुड्याचा टिळा. हौसाबाईंनी झटकन उठून डोक्यावरून पदर घेतला. सुमती स्टुलावरून उठली. कुमार तर काउंटरला वळसा घालून पुढे गेला आणि वाकून पाया पडला. वडीलधारं माणूस दारात उभं राहिल्यावर घरातल्याने काय करायचं, हे त्याच्या अंगात लिनक्सच्या आधीपासून होतं.

“सुखी ऱ्हा,” दाजी म्हणाले.

कुमार सुखी चेहऱ्याने सरळ झाला आणि मग त्याला आठवलं. तो धावत मागे गेला. निळा पडदा गेला होता. मशीन नेहमीसारखं सुरू होत होतं.

“काय झाला?” दाजींनी विचारलं.

“काही नाही,” कुमार म्हणाला. त्याचा आवाज चोरट्यासारखा निघाला.

दाजींनी दुसरी खुर्ची ओढली आणि भावजयीपासून थोडी लांब ठेवून बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“पत्रिका गेली, असा आयकला.”

“गेली नाय भावजी,” हौसाबाई म्हणाल्या. “आत हाय. उघडत नाय.”

“आत हाय आनि उघडत नाय.” दाजींनी मान हलवली. “बरा. त्या दिशी बैठकीत मी हो म्हनलू. घरी गेलू, निजलू, पन झोप नाय लागली. एक गोस्ट राह्यली हाय.”

रस्त्यावरून एक टेंपो हॉर्न वाजवत गेला.

“कोनती?” हौसाबाईंनी विचारलं.

“आदी ती पत्रिका उघडूं दे. मंग बोलू.”

“आणि नाही उघडली तर?” हे कुमारने विचारायला नको होतं. सुमतीने त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यालाही ते कळलं.

“नाय उघडली त नवीन लिवाची. पत्रिकेबिगर लगीन थांबतंय का?” दाजी सुमतीकडे वळले. “ताई, कोरा कागद उघडा बगू तवर.”

सुमतीने हौसाबाईंकडे पाहिलं. हौसाबाई जमिनीकडे बघत होत्या. सुमतीने लिनक्समधलंच साधं कोरं पान उघडलं, कीबोर्ड मराठीवर केला आणि वरच्या बाजूला, मधोमध, ‘श्री एकवीरा आई प्रसन्न’ असं टाइप केलं. मग एक ओळ सोडली. पुढची ओळ निमंत्रकाची.

तिची बोटं कीबोर्डवर नुसती टेकून राहिली. कर्सर लुकलुकत होता. दाजी पुढे झुकून त्याच्याकडे बघत होते.

“थांबा,” कुमार म्हणाला आणि त्याने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. “एकदा परत करून बघतो.”

या वेळी त्याने घाई केली. सगळ्या कमांड वेबपानावरून उचलल्या आणि जशाच्या तशा चिकटवल्या. पासवर्ड विचारला गेला तसा तो दोनदा टाकला. पासवर्ड टाकताना पडद्यावर काही दिसत नाही, आणि त्यातच गफलत झाली. मशीन बंद होऊन सुरू झालं. निळा पडदा आला. कुमारने नुसतं बटण दाबलं नाही, त्यावर जवळजवळ उडीच मारली. एकामागून एक चौकटींना हो, हो म्हणत तो पासवर्डापर्यंत पोहोचला आणि त्याने पासवर्ड टाकला.

पासवर्ड चुकीचा आहे, असं मशीन म्हणालं.

त्याने पुन्हा टाकला, सावकाश, एकेक अक्षर पुटपुटत. चुकीचा. तिसऱ्यांदा टाकताना त्याच्या कपाळावरून एक थेंब कीबोर्डवर पडला. चुकीचा. मशीनने अर्ज दुसऱ्यांदा निकालात काढला.

“मी बरोबर टाकतोय,” कुमार सगळ्यांना उद्देशून म्हणाला. “शपथेवर सांगतो. लिनक्स असं कधी करत नाही.”

“करतोय त खरा,” दाजी म्हणाले.

सुमती मशीन सुरू व्हायची वाट बघत होती. सुरू झालं, तसं तिने पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे एक छोटा ‘म’ होता.

“कीबोर्ड मराठीवर राहिला होता. मघाशी मी केला तो. तुम्ही पासवर्ड ठरवलात मराठीत. त्या निळ्या पडद्याला मराठी येत नाही.”

कुमारला परकीय सत्तेचा पुरावा अखेर सापडला होता, पण या घडीला त्याचा काही उपयोग नव्हता.

“उठा,” सुमती म्हणाली. तो उठला. ती खुर्चीत बसली, कीबोर्ड इंग्रजीवर केला, दोनदा तपासला आणि कमांड पुन्हा दिली. पासवर्ड ठरवताना तिने प्रत्येक अक्षरानंतर क्षणभर थांबून पुढचं दाबलं. मशीन बंद झालं.

कुणी आत आलं नाही, कुणी पाया पडलं नाही. निळा पडदा आला आणि सुमतीने बटण दाबलं. एक चौकट गेली, दुसरी आली. तिच्यात एक प्रश्न होता आणि खाली दोन शब्द. ती थांबली. मघाशी कुमार इथून धावत गेला होता. तिला तसं धावायचं नव्हतं.

“काय इचारतंय?” दाजी खुर्ची पुढे ओढत म्हणाले.

“या सहीला यापुढे ओळख द्यायची का, असं विचारतंय. समोर बसलेल्या माणसानेच सांगायचं. लांबून, फोनवरून चालत नाही.”

“हो सांगितला का?”

“मग परत विचारत नाही.”

दाजींनी डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं. “आता कशावर हाय तो?”

“नाहीवर. आधीपासून नाहीवरच असतो. हो म्हणायला बटण दाबून खाली जावं लागतं.”

दाजी मागे टेकले. गुडघ्यावरची टोपी त्यांनी उगाच उलटी केली, सुलटी केली. “बरोबर हाय,” ते म्हणाले.

हौसाबाई उठल्या. पिशवी खुर्चीवर ठेवली आणि काउंटरची फळी उचलून आत आल्या. आजवर गिऱ्हाईक फळीच्या आत आलं नव्हतं. कुमार बाजूला सरकला.

“कोनता बटन, ताई?”

सुमतीने खाली जायचा बाण दाखवला, मग एंटर दाखवलं. हौसाबाईंनी पदराला बोट पुसलं. दिराकडे पाठ होती, तरी पदर डोक्यावर नीट आहे का, हे त्यांनी चाचपून पाहिलं. मग एक बटण दाबलं आणि दुसरं दाबलं, दोन्ही जरा जास्तच जोरात, भाकरी थापावी तसं.

मागे दाजींनी टोपी गुडघ्यावर सुलटी करून ठेवली.

सुमतीने पासवर्ड टाकला. मशीनने तो घेतला. पुन्हा अंधार, पुन्हा उजेड, आणि मग कुमारच्या खोट्या कॉम्प्युटरच्या दारातून विंडोजचं ते ओळखीचं सनईसारखं सूर काढणं ऐकू आलं. कुमारचा चेहरा इतका फुलला, की क्रांतीच्या दृष्टीने ते बरं दिसलं नाही.

पत्रिका उघडली. गणपती जागेवर होता, एकवीरा जागेवर होती. त्याखाली, ठळक अक्षरांत, ‘निमंत्रक : श्रीमती हौसा महादेव घरत’. हौसाबाईंना वाचायला वेळ लागला. त्या एकेक अक्षर ओठांनी म्हणत होत्या, आणि ‘महादेव’पाशी थोड्या थांबल्या.

सुमतीने कुणाला विचारलं नाही. छापायची आज्ञा दिली. प्रिंटर घरघरला आणि पहिला गुलाबी कागद बाहेर आला, गरम. तो हातात कुणी घ्यायचा, असा क्षणभर प्रश्न पडला. मग हौसाबाईंनी तो उचलला, फळीतून बाहेर आल्या आणि दोन्ही हातांनी दिरापुढे धरला.

दाजींनी कागद लांब धरून वाचला. वरपासून खालपर्यंत, मग पुन्हा वरपासून. कुमारने स्टुलाची कड घट्ट धरली. सुमतीचं बोट छपाई थांबवायच्या बटणावर जाऊन थबकलं.

“आता बोलू का?” दाजी म्हणाले.

“बोला,” हौसाबाई म्हणाल्या. त्यांची मान वर होती. आवाज मात्र थोडा खाली गेला.

“घरातले हर लगनाला अक्षत घेवून मीच दारोदार फिरलू. आजा व्हता तवापासून. मना कोन बोलवनार? मीच बोलवनारा.” त्यांनी कागदावरच्या ठळक ओळीवर नख टेकवलं. “आता बोलवनार तू. मंग माजे घरी अक्षत घेवून कोन येनार? कोन नाय. सगले समजून बसलं, का दाजी त घरचाच. बोलवना नाय, त मी मांडवात येवाचा कसा?”

हौसाबाई काही बोलायला गेल्या, पण त्यांनी आधी पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि काही वेळ तिथेच धरून ठेवलं.

“येतंय भावजी,” त्या म्हणाल्या. “एकवीरेला ठेवली का लगेच तुमचेकडं. पयला मान तुमचा.”

दाजींनी पत्रिका तिच्या हातात परत दिली. टोपी घातली, सदरा सारखा केला आणि दारापर्यंत गेले. तिथे चपला पायात सरकवता सरकवता वळले.

“लगेच नको येव,” ते म्हणाले. “दुपारचा मी निजतू.”